हे पुस्तक कुणाच्या हाती द्यावं?

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे: अमुक कादंबरी अमुक वयाला चालेल का? आधी वाचनालयाच्या बालविभागात आणि नंतर देवघेवीच्या टेबलावर मिळून सव्वीस वर्षं बसले, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्या काळात मी एक वही ठेवली होती. मूल पुस्तक परत घेऊन आलं की 'कसं वाटलं' असं मी विचारत नसे, कारण त्याचं उत्तर 'छान' एवढंच येतं. 'कुठे थांबलास' असं विचारायचे आणि तो पान क्रमांक वहीत टिपून ठेवायचे. आजची निम्मी उत्तरं त्या वहीतली आहेत.

माझ्या दहा वर्षांच्या मुलाला 'पाडस' दिलं. नावावरून वाटलं, लहान मुलांचं पुस्तक असेल. शेवटाकडे आल्यावर तो दोन दिवस रडत होता. आता नवं पुस्तक हातात घ्यायला तयार नाही. माझी चूक झाली का? (एक आई)

चूक नाही, थोडी घाई झाली. 'पाडस' म्हणजे मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग'चा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ कादंबरी १९३८ची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि तिला आधी डोक्यावर घेतलं ते मोठ्यांनीच. मुलगा आणि हरणाचं पिल्लू एवढंच ऐकून ती बालविभागात जाऊन बसते, हे मी स्वतःच्या कपाटात पाहिलेलं आहे.

या कादंबरीत ते पाडस घरी येतं तेच एका मरणातून. बापाला साप चावतो. विष उतरवण्यासाठी तो एका हरिणीला गोळी घालतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो. मागे उरलेलं पिल्लू मुलगा घरी आणतो. मधल्या भागात त्याचा अपंग मित्र जातो. आणि शेवटी पाडस मोठं होऊन शेतातलं कोवळं पीक पुन्हा पुन्हा खायला लागतं. त्या घराचं वर्षभराचं पोट त्या पिकावर. बाप अंथरुणाला खिळलेला. आईची गोळी चुकते, पाडस जखमी होतं, आणि त्याला सोडवायची वेळ मुलावर येते.

आता मला तुमच्या मुलाला एक विचारायचं आहे: तू कुठे थांबलास? माझ्या वहीत या पुस्तकापुढे दहा-अकरा वर्षांच्या कितीतरी मुलांनी सांगितलेली पानं एकमेकांच्या आगेमागेच आहेत. सगळी बंदुकीपाशी थांबलेली. एक मुलगी तर तीन वर्षांनी, आठवीत असताना, बोलता बोलता म्हणाली, "ते पुस्तक गोळी लागते तिथेच संपतं ना?" तीन वर्षं ती तेच धरून बसली होती. मी कपाटातून प्रत काढली, आम्ही दोघी बाकावर बसलो आणि उरलेली पानं मी मोठ्याने वाचली. मुलगा घर सोडून पळतो, उपाशी भटकतो, ग्लानी येऊन पडतो आणि परत येतो. बाप वाट बघत जागा आहे. तो मुलाला रागावत नाही. मोठ्या माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलतो. वाचून झाल्यावर ती मुलगी काही बोलली नाही. शेवटची कोरी पानं बराच वेळ उलटत राहिली.

तेव्हा तुमचा मुलगा गोळीपाशी थांबला असेल, तर पुढचं तुम्ही वाचून दाखवा. 'ती नुसती गोष्ट आहे' असं त्याला सांगू नका. त्याच्यासाठी ते पाडस खरं होतं, आणि त्याचं रडणंही खरं आहे. मी 'पाडस' एकट्याने वाचायला बाराव्या वर्षापासून देते. दहाव्या-अकराव्या वर्षी द्यायचं तर शेवटची तीन-चार प्रकरणं घरातलं कुणीतरी शेजारी बसून वाचेल अशा बोलीवर.

सध्या त्याला फास्टर फेणे द्या. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग मारून संकटात शिरतो आणि 'ट्टॉक' करून बाहेर येतो. आठ ते बारा वयाला याहून भरवशाचा सोबती मला माहीत नाही. बोक्या सातबंडेही चालेल. त्यानंतर कधीतरी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. त्या खरं तर कथा आहेत, पण लंपनचं आजी-आजोबांच्या घरातलं जग सलग कादंबरीसारखं उलगडत जातं. दहा वर्षांच्या मुलाला त्यातली गंमत कळते, चाळिशीत त्यातलं एकटेपण कळतं.

सहावीतली मुलगी 'मृत्युंजय' मागते आहे. एवढं जाड पुस्तक आणि तशी भाषा. द्यावं का? (एक वडील)

द्या. जाडीची धास्ती मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त असते. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण असे सहा जण ती आपापल्या तोंडाने सांगतात. त्यामुळे मुलं ती सलग न वाचता माणूस निवडून वाचतात. बहुतेक जण आधी कर्ण वाचून काढतात. वाचू द्या तसं. ती अडेल ती शब्दांवर, लांबलचक उपमांवर. तिथे पानं ओलांडली तरी बिघडत नाही, कथा तिला माहीत आहे.

दोन ठिकाणी ती तुमच्याकडे येईल. कुंतीने बाळ नदीत का सोडलं, हे पहिलं. द्रौपदीच्या वस्त्रहरणात सगळे मोठे गप्प का बसले, हे दुसरं. पहिल्याला तिच्या वयाला कळेल असं सरळ उत्तर द्या. 'मोठी झालीस की कळेल' म्हणालात तर पुढच्या वेळी ती विचारायला येणार नाही. दुसऱ्याला माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं, आणि मी मुलांना तसंच सांगत असे.

एक खबरदारी मात्र घ्या. पौराणिक म्हणून 'मृत्युंजय'च्या शेजारी 'ययाति' ठेवायची आपल्याकडे सवय आहे. वि. स. खांडेकरांच्या त्या कादंबरीचा विषयच कामवासना आणि तिच्या मागे लागून झालेली माणसाची फरफट हा आहे. सतरा-अठराच्या आत ती दिली तर मूल बिघडेल असं मी म्हणत नाही, पण कंटाळेल आणि पुन्हा हात लावणार नाही, हे नक्की. इतिहासाकडे वळवायचं असेल तर रणजित देसाईंची 'स्वामी' बारा-तेराला उत्तम. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं आणि सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू, हे माधवरावांचं वयच मुलांना पकडून ठेवतं. शेवटी रमाबाई सती जातात, त्यावर घरात बोलणं व्हायला हवं. ती वीरगाथा म्हणून डोक्यात बसू नये असं मला मनापासून वाटतं. 'छावा' चौदानंतर द्या. संभाजीराजांचे हाल हळव्या मनाच्या मुलाला झोपू देत नाहीत.

ताई, मी नववीत आहे. मला 'शाळा' वाचायची आहे. वर्गातल्या तिघींनी वाचली. आई म्हणते त्यात शिव्या आहेत, दहावी झाल्यावर वाच. (एक वाचक)

तुझं आणि तुझ्या आईचं, दोघींचंही म्हणणं मला पटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४मध्ये आली. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी आपलं वर्ष सांगतो: मित्र, मास्तर, घर आणि वर्गातली शिरोडकर. ती नववीचीच गोष्ट आहे आणि नववीत वाचण्यात जी मजा आहे ती नंतर राहत नाही. कॉलेजात गेल्यावर वाचलीस तर आवडेल, पण तेव्हा तू मागे वळून बघत असशील. आत्ता वाचलीस तर आतून बघशील.

आता तुमच्यासाठी. होय, मुलांच्या तोंडी शिव्या आहेत, मुलींबद्दलचं बोलणं काही ठिकाणी आचरट आहे. पण ते शब्द तुमच्या मुलीने शाळेच्या जिन्यात ऐकलेले नाहीत असं समजू नका. जिन्यात ते नुसते कानावर पडतात. इथे ते बोलणाऱ्या मुलाच्या पोटातली भीती, लाज आणि गोंधळही तिला दिसतो. तो भाग बाहेर कुणी दाखवत नाही. मी ही कादंबरी चौदापासून देत आले. पण तुम्ही आधी वाचा. चाळू नका, वाचा. आक्षेपाची पानं शोधायला बसलात तर तेवढीच सापडतील.

आणि तुला एक सांगायचं राहिलं. ही गोष्ट मुलाच्या बाजूने सांगितलेली आहे. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांनी. तिला काय वाटत असेल हे तू वाचता वाचता स्वतःला विचारत जा. काही पानांवर तुला राग येईल, तो दाबू नकोस, आईशी बोल. पुढे कधीतरी, सोळाच्या आसपास, ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' काढ. १८९०पासून ती 'करमणूक' पत्रातून क्रमशः येत होती. भाषा जुनी आहे, पहिली तीस पानं नेट लावून वाचावी लागतात. पण तिथे यमू स्वतः बोलते. लहानपणापासून वैधव्यापर्यंतचं सगळं तिच्या तोंडून ऐकताना, हे एका पुरुषाने लिहिलंय याचा मला दरवेळी विसर पडतो. आत्ता लगेच काही हवं असेल तर शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' घे. अकरा-बारापासून कुणीही वाचावी अशी आहे.

तेरा वर्षांच्या मुलाला भुताखेतांचं वाचायचं वेड लागलंय. नारायण धारप मागतो. वाचल्यावर दिवा लावून झोपतो. बंद करावं का?

बंद करू नका, क्रम बदला. भीतीची कथा एका बैठकीत संपते, कादंबरी चार रात्री चालते, आणि त्या चार रात्री भीती अर्धवट राहते. म्हणून मी आधी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा देत असे. त्यातल्याही निवडून. धारपांच्या कादंबऱ्या चौदा-पंधराला. त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथा आधी दिल्या तरी चालतात, कारण तिथे भयाशी दोन हात करणारा कुणीतरी हजर असतो आणि मुलाला तो आधार पुरतो.

एकदा सकाळी वाचनालय उघडायला गेले तर एक मुलगा दारात उभा. आदल्या संध्याकाळी नेलेलं धारपांचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरी बांधून आणलं होतं. घरात दुसरी रात्र ते ठेवायचं नाही म्हणाला. मी ते घेतलं, रजिस्टरमध्ये जमा केलं आणि कपाटात त्याच्यासमोर ठेवून काच सरकवली. तो बघत होता. दीड वर्षाने तेच पुस्तक त्याने स्वतः मागून नेलं आणि पूर्ण केलं. त्या दिवशी त्याची समजूत काढायच्या नादात 'घाबरतोस काय' म्हणाले असते, तर तो पुन्हा आला नसता.

दिवा लावून झोपू द्या. पुस्तक दिवसा वाचायचं एवढीच अट घाला. मधूनमधून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड द्या. उत्कंठा तेवढीच, पण शेवटी उलगडा होतो आणि डोकं शांत होतं.

मुलगी बारा वर्षांची, आकाश आणि तारे यांचं वेड. विज्ञानकादंबरी कोणती?

जयंत नारळीकर. 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' यांपैकी जी हाती लागेल ती. सोपी, स्वच्छ भाषा. आक्षेप घेण्यासारखं काही नाही. पात्रं मध्येच थांबून शास्त्र समजावून सांगतात. मोठ्यांना ते कधी कधी जड वाटतं, पण तुमच्या मुलीसारखी मुलं नेमकी तिथेच पेन्सिलीने खुणा करतात. प्रत घरची असेल तर करू द्या.

वय एकोणीस. 'कोसला' वाचलीच पाहिजे असं सगळे सांगतात. दोनदा सुरू केली, दोन्ही वेळा चाळिसाव्या पानावर सोडली. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. तुम्ही पान सांगितलंत, म्हणजे प्रामाणिकपणे वाचलंत. भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' लिहिली तेव्हा ते पंचविशीत होते, १९६३ची गोष्ट. पांडुरंग सांगवीकर घर सोडून शिकायला येतो, हॉस्टेलवर राहतो, आणि हळूहळू त्याला कशातच अर्थ दिसेनासा होतो. ज्याने घर सोडलेलं नाही त्याला हे तुटलेपण पहिल्या वाचनात लांबचं वाटू शकतं. पण माझा अंदाज आहे की तुम्हाला अडवलं ते त्याच्या बोलण्याने. वाक्यं तुटक, एकाला एक लागून धावणारी. ती डोळ्यांनी वाचू नका, ओठ हलवून वाचा. आणि निदान त्याची धाकटी बहीण मनी जाते तिथपर्यंत पोचा. मराठीत दुःखावर इतकं उघडं लिहिलेलं फार थोडं आहे. अलीकडे तुमच्या घरात कुणी गेलं असेल, तर मात्र हे वर्ष जाऊ द्या.

तोवर प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' वाचा. विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण इंजिनियर मुंबईची नोकरी सोडून हिमालयात रस्ते बांधणाऱ्या लष्करी दलात जातो. कोसळणाऱ्या डोंगराखाली माणसं मरताना बघून वरिष्ठांच्या मंजुरीविना संरक्षक भिंत बांधतो आणि त्याच्यावर कोर्टमार्शल होतं. तेरापासून पुढे कुणालाही देता येते. 'मी कादंबऱ्या वाचत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी मुलग्यांना मी हीच दिली, आणि वहीत त्यांच्यापुढे अधलं पान नाही, 'पूर्ण' असं लिहिलेलं आहे. त्यानंतर विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. १९३९ची, बेताच्या आकाराची, एका बोटीवर घडणारी. हिटलरच्या जर्मनीतून निसटलेली ज्यू हॅर्टा आणि परतीच्या वाटेवरचा चक्रधर. सोळाच्या खाली मी देत नाही. त्यातलं प्रेम कळलं तरी त्यातली हतबलता कळायला थोडं जगलेलं असावं लागतं.

वय बेचाळीस. पंधरा वर्षांत एकही कादंबरी पूर्ण केलेली नाही. कुठून सुरुवात करू?

पु. शि. रेग्यांची 'सावित्री'. छोटी आहे, सगळी पत्रांतून लिहिलेली, दिवसाला दोन पत्रं वाचलीत तरी धागा सुटत नाही. त्यात मोर हवा असलेल्या लच्छीची गोष्ट आहे, तिथे थोडं रेंगाळा. मग गौरी देशपांडे, मग कविता महाजनांची 'ब्र'. निवडून आलेल्या आदिवासी सरपंच बायांना भेटत फिरणारी प्रफुल्ला त्यात स्वतःचंही आयुष्य नव्याने उभं करते. हिंसा आहे, अठराच्या वर. उद्धव शेळक्यांची 'धग' ही माझी अतिशय आवडती, पण घरात आजारपण किंवा पैशांची ओढाताण चालू असताना नको. कौतिकचे कष्ट संपत नाहीत, आणि थकलेल्या माणसाला ते वाचवत नाही.

सासरे एक्याऐंशी वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. इतिहासाची आवड. आता काय देऊ?

हे पत्र आलं याचा फार आनंद झाला, कारण वयाचा विचार आपण फक्त मुलांसाठी करतो. दोन गोष्टी बघा: टाइप केवढा आहे आणि पुस्तक हातात किती वेळ धरवेल. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' त्यांना आवडेल, चार पिढ्यांचा पट आहे, पण दोन जाडजूड खंड. ते मांडीवर उशी ठेवून त्यावरच वाचायला हवेत. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या आटोपशीर आहेत, 'झुंझार माची'पासून सुरू करा. दांडेकरांचीच 'माचीवरला बुधा' मात्र आधी तुम्ही वाचून बघा. राजमाचीवर एकट्याने राहायला गेलेल्या म्हाताऱ्याची ती गोष्ट एखाद्याला निववते, नुकताच जोडीदार गेलेल्याला एकटं पाडते. ते कसे आहेत हे तुम्हालाच ठाऊक.

डोळे थकले की नातवंडांना वाचायला बसवा. त्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ची. धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर, त्याने गावाकडून उभी करून घेतलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळात रिकामी होत जाणारी वाडी. वाक्यं लहान आहेत, बारा वर्षांचं मूल न अडखळता मोठ्याने वाचू शकतं. खुणेसाठी कागदाचा कपटा ठेवू नका, तो निसटतो आणि मग दोघंही पान शोधत बसतात. जाड लोकरीचा धागा ठेवा, बोटांना लागतो.